विरजण कुणाच्या घरचं?

सातव्या महिन्यात मी पुण्याहून लासलगावला आले. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. मार्च संपत आला होता. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती, बाजार समितीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची आणि दुपारी बारानंतर घरात बसवत नसे. पोट वर आल्यामुळे छातीत सारखी जळजळ, त्यात लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होईना. भाकरी नकोशी झाली होती. आंबट, गार आणि फसफसणारं काहीतरी प्यावं असं मात्र दिवसभर वाटायचं.

पुण्यात मी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, आवडीनं प्यायचे. दिवस राहिले तेव्हा मळमळीनं सगळंच सुटलं, त्यात तोही सुटला. माहेरी आले तर तो घरातच होता. वहिनीनं नाशिकच्या एका मैत्रिणीकडून स्कोबी आणली होती. भाकरीएवढी गोल, बुळबुळीत, पिवळट चकती. काचेच्या बरणीत साखर घातलेला कोरा चहा गार करून ओतायचा, त्यात आधीच्या कोंबुचाचं थोडं आंबट पाणी घालायचं, ही चकती सोडायची आणि तोंडाला फडकं बांधून आठ-दहा दिवस ठेवायचं. वहिनी पुढे आणखी एक गोष्ट करायची. द्राक्षाचा हंगाम सरत आला होता, घरात सुटे मणी पडलेले असायचे. ते चेचून बाटलीत घालायची, वर तयार कोंबुचा, आणि बूच घट्ट लावून दोन-तीन दिवस ओट्यावर ठेवायची. उघडताना असा फेस यायचा की बघूनच तोंडाला पाणी सुटे.

"ताई, घ्या ना. पोटाला चांगला असतो. पोट साफ होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात फक्त माया होती. माझी तगमग तिला बघवत नव्हती.

आई भाजी निवडत होती. तिनं बरणी उजेडाला धरली, फडकं काढून वास घेतला आणि विचारलं, "हे विरजण कुणाच्या घरचं?"

आमच्याकडे विरजण संपलं की शेजारून आणतात, पण कुणाकडूनही नाही. कोणाच्या घरचं दही तारवटतं, कोणाचं गोड लागतं, कोण दूध नीट तापवतं, हे आईला अख्ख्या गल्लीचं ठाऊक. वहिनीनं मैत्रिणीचं नाव सांगितलं. मैत्रिणीला कुणी दिलं? तिच्या जिममधल्या बाईनं. त्या बाईला? ते वहिनीला माहीत नव्हतं. आईनं फडकं परत बांधलं आणि मला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना विचार, मग पी." तिनं नको म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. पण त्या तहानेत विचारायला जाणंसुद्धा जिवावर आलं होतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते. २०१६ पासून सुरक्षित मातृत्व अभियानात ती चालू आहे. मी खाजगी डॉक्टरीणबाईंकडे जात होते, पण आशाताई घरी येऊन वजन, रक्तदाब, गोळ्या सगळं विचारून जायच्या. कोंबुचा हा शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चहाचा असतो म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "मग गोळीबरोबर नको. चहानं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या." इतक्या सगळ्या चर्चेत ही एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहा आंबवला म्हणून ते सगळं नाहीसं होत नाही, आणि चहातलं कॅफिनही थोडंफार उरतंच.

डॉक्टरीणबाईंनी मला रागावलं नाही. आधी त्यांनी कसा करतात ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "एखादा घोट गेला तर बाळाला काही होईल अशी भीती मी घालणार नाही. पण गरोदर बायकांवर याचा भरवशाचा अभ्यास झालेला नाही. त्या बाटलीत नेमकं काय आहे ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. दोन महिने थांबायला काय हरकत आहे?" मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. यात थोडी का होईना दारू तयार होते, आणि गरोदरपणात दारूचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित असं कुणी सिद्ध केलेलं नाही; ती वारेतून थेट बाळाकडे जाते. दुसरं, हे कच्चं पेय आहे, आंबवल्यावर ते तापवत नाहीत. गरोदरपणात अंगाची जंतूंशी लढायची ताकद थोडी उतरते आणि लिस्टेरियासारखा जंतू आईला साध्या तापावर सोडतो, पण बाळाचा घात करू शकतो. तिसरं तर अगदी साधं होतं: छातीत जळजळ होते म्हणून मी जे प्यायला निघाले होते ते व्हिनेगरच्या जातीचं आम्ल होतं, वर त्यात वायू. जळजळ वाढलीच असती.

दारूचं ऐकून घरात सगळ्यांनाच धक्का बसला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी दारू पाजत होते का ताईंना?" ती म्हणाली. मी तोवर घोटही घेतला नव्हता. तरी तिची समजूत काढायला माझा चुलतभाऊ कामी आला. तो विंचूरच्या वाइन पार्कात काम करतो, आमच्या घरापासून गाडीवर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. आंबण्याचं त्याच्याइतकं नीट मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

साखर यीस्ट खातं आणि तिची दारू आणि वायू करतं, तो म्हणाला. वाइनमध्ये आपण तिथंच थांबतो. कोंबुचात पुढे जिवाणू असतात, ते त्या दारूचं आम्ल करतात. ती जी चकती आहे ती बुरशी नव्हे. जिवाणूंनीच विणलेला सेल्युलोजचा पडदा आहे तो, आणि यीस्टही त्याच्यातच राहतं. दोघांचं एकमेकांवर चालतं. पण या जिवाणूंना हवा लागते. फडकं बांधलेल्या बरणीत ती मिळते, म्हणून दारू होत जाते तशी संपतही जाते. बाटलीचं बूच घट्ट लावलं की जिवाणू बसतात आणि यीस्ट मात्र चालूच राहतं. "आणि तू तर त्यात द्राक्षं घातलीस," तो वहिनीला म्हणाला, "म्हणजे यीस्टला नवं जेवण वाढलंस. वर हा चाळीस डिग्रीचा उन्हाळा."

किती दारू असेल, हे मी त्याला विचारलं. त्याला सांगता येईना. द्राक्षरसातली साखर किती उतरली ते मापकावर बघून वाइनचं अल्कोहोल काढता येतं. इथं त्याच साखरेचं काही आम्ल झालेलं असतं, त्यामुळे तो हिशेब चुकतो. आपल्याकडे ०.५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल गेलं की अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार पेय मद्यात मोडतं. चांगल्या कारखान्यात ते तपासून, थंड ठेवून त्या आत राखतात. घरच्या कोंबुचात ते एक-दोन टक्के आणि कधी त्याहूनही वर जातं. कारखान्यांचंही नेहमी साधतं असं नाही: २०१० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी कोंबुचाच्या बाटल्या फळ्यांवरून उतरवल्या होत्या, कारण भरताना मर्यादेत असलेलं अल्कोहोल दुकानात पोचेपर्यंत वाढलेलं सापडलं. पुणे-मुंबईहून आमच्याकडे येणारी बाटली कुठल्या उन्हात, कुठल्या टेम्पोत किती वेळ राहिली हे कोण सांगणार? आणि गावात वीज गेली की दुकानातला फ्रिज नुसतं कपाट होतो.

मी पुण्यात पीत होते तेव्हा यातलं काहीच मनात आलं नव्हतं, आणि यायची गरजही नव्हती. धडधाकट माणसाला अर्ध्या टक्क्यानं काय होतंय! पिकलेल्या केळ्यात, दोन दिवसांच्या फळांच्या रसातही अल्कोहोलचा अंश असतो. माझा आक्षेप त्या अंशाला नव्हता. आज अर्धा टक्का, पुढच्या घाण्यात दोन, आणि दोन्ही घोट जिभेला सारखेच लागणार, ही गोष्ट मला बोचत होती. माझ्या वडिलांना, नानांना, कांद्याच्या चाळीत कुठं सड लागली की दारातूनच वास येतो. आई दूध नासणार आहे हे तापायच्या आधी ओळखते. आमच्या घरात नाक आणि जीभ यांच्यावर माणसं निर्धास्त विसंबतात आणि ते बरोबरही आहे. पण अल्कोहोल किती आहे ते आंबटपणाखाली झाकलं जातं, आणि लिस्टेरियाला तर वासच नसतो. तो फ्रिजमध्येही वाढतो. कोंबुचा नीट आंबट झाला असेल तर असले जंतू त्यात सहसा तगत नाहीत, हेही खरं. पण सुरुवातीला आंबट पाणी कमी पडलं, हात नीट धुतलेले नसले, वर बुरशी धरली, तर ते संरक्षण लंगडं पडतं.

माझी आंबटाची ओढ त्यानं काही थांबली नाही. ती आईनं भागवली. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायची. सकाळपर्यंत ते छान आंबून वर यायचं. मग लसूण, जिरं, मीठ घालून ती ते रटरट शिजवायची आणि मडक्यात गार व्हायला ठेवायची. दुपारी मी दोन वाट्या आंबील प्यायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्या घरचं आंबवलेलं बहुतेक सगळं शेवटी चुलीवर चढतं. इडली, ढोकळा, धिरडी, आंबील: जे काही त्यात रात्रभर जन्मलं ते सकाळी उकळीतून जातं. दह्याचं वेगळं, तिथं उकळी आधी असते. पण दूध खळखळून तापवलेलं, विरजण ओळखीचं, आणि मुदत एका रात्रीची. कोंबुचाचा चहाही आधी उकळलेला असतो, पण नंतर तो आठवडाभर उघड्यावर आंबतो आणि तसाच पेल्यात येतो. हे सगळं मी आईला सांगितलं तर तिला त्यात नवं काही वाटलं नाही. "म्हणून तर शिळ्या ताकाची कढी करतात," ती म्हणाली.

घरचं ताक मी रोज प्यायले, जिरेपूड घालून. बाजारातलं, बर्फ घातलेलं ताक डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलं होतं. बर्फ कुठल्या पाण्याचा, हाच प्रश्न.

जूनच्या सुरुवातीला मुलगी झाली. टाके पडले होते. घरी आल्यावर बाळंतिणीचा सगळा थाट सुरू झाला: अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, तुपात भिजलेली बाजरीची भाकरी, जेवणानंतर बाळंतशेपा. आणि ज्या आईनं मला दोन महिने आंबील पाजली होती तिनंच आता आंबट बंद केलं. ताक नाही, लिंबू नाही, कैरी तर नावही काढायचं नाही. आंबटानं टाके पिकतात, बाळाला खोकला होतो, अंगावरचं दूध फाटतं. तिच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं.

इथं मात्र मी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं, या वेळी आईला बरोबर नेऊन. त्यांनी आईला खुर्चीवर बसवून शांतपणे सांगितलं: दूध रक्तापासून तयार होतं. आंबट खाल्ल्यानं रक्त आंबट होत नाही, त्यामुळे दूधही होत नाही. टाके पिकतात ते जंतूंमुळे, अस्वच्छतेमुळे; लिंबातल्या क जीवनसत्त्वानं उलट जखम भरायला मदतच होते. घरचं ताक चालेल. आई गप्प बसली. घरी येऊन तिनं वाटीभर ताक दिलं, पण कोमट करून. मी तसंच प्यायले. तिच्या पदरात तेवढं तरी राहावं असं मला वाटलं.

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत भीती नेमकी उलट्या जागी बसलेली असते, हे मला त्या दिवसांत कळलं. आंबटपणा दुधात जात नाही, आणि त्याला सगळं घर भितं. अल्कोहोल जातं; आईच्या रक्तात जेवढं तेवढंच जवळजवळ दुधात, प्यायल्यापासून अर्ध्या ते एका तासात सगळ्यात जास्त. त्याचा विचार कुणाच्या मनात नव्हता. तरी इथं हिशेब करता येतो. ०.५ टक्क्याच्या पेयाचा दोनशे मिलिलिटरचा पेला म्हणजे एक मिलिलिटर अल्कोहोल. आईच्या शरीरात ते पसरल्यावर दुधात फार तर नावापुरतं उरतं. घरचा कोंबुचा दोन टक्क्यांचा निघाला आणि उन्हाळ्यात दोन-तीन पेले गेले, तर मात्र ती गोष्ट बिअरच्या लहान बाटलीच्या जवळ जाते. नवजात बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला ते उरकायला वेळ लागतो. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं की पहिले तीन महिने तरी घरचा नको, आणि नंतर प्यायचाच तर नीट लेबल असलेला, थंड राहिलेला, थोडासा.

याच काळात वहिनीनं घरातल्या बाकीच्यांसाठी मोठा घाणा लावायचं ठरवलं. त्यासाठी आजीची लोणच्याची चिनीमातीची बरणी माळ्यावरून काढली. रात्री दोनला मुलीला पाजत बसलेली असताना मी फोनवर वाचत असे, त्यात ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्याची हकिकत वाचली होती. १९९८ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. त्यांनी कित्येक महिने सिरॅमिकच्या भांड्यात कोंबुचा केला आणि भांड्यावरच्या झिलईतलं शिसं आम्लानं सुटून त्यांच्या रक्तात गेलं. शिसं हाडांत साठून राहतं, आणि गरोदरपणात, दूध पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं तसं तेही सुटून बाळाकडे जातं. म्हणजे आज प्यायलेल्याचा पुढच्या बाळंतपणाशीही संबंध.

आजीच्या बरणीत शिसं होतंच असं नाही. पण बरणीचं विचारायला आजीच नव्हती. आईला मी एवढंच म्हटलं की पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं हे. तिला लगेच पटलं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं म्हणून सासूची बोलणी तिनं खाल्ली होती. बरणी माळ्यावर परत गेली आणि वहिनी काचेवरच राहिली.

त्याच रात्रींतल्या वाचनात अमेरिकेतल्या आयोवा राज्याची १९९५ सालची घटना सापडली. एका लहान गावातल्या दोन बाया रोज कोंबुचा पीत होत्या. दोघींच्या रक्तात आम्ल घातक वाढलं आणि एक दगावली. गावातल्या इतर पुष्कळ घरी त्याच मूळ चकतीचा कोंबुचा होत होता आणि त्यांना काही झालं नाही, त्यामुळे दोष त्याचाच असं सिद्ध झालं नाही. तिथल्या आरोग्य खात्यानं तरीही तपास होईपर्यंत पिऊ नका म्हणून सांगितलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. एक चकती घरोघर फिरत जाते, तिचे थर सुटत जातात, प्रत्येक स्वयंपाकघरातलं काहीतरी तिला चिकटतं. आईचा पहिला प्रश्न मला तेव्हा पुन्हा ऐकू आला.

बारशाला आलेल्या एका मावशींनी मुलीला मध चाटवायला बोट पुढे केलं होतं. हे जरा विषयांतर आहे, पण सांगायलाच हवं: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात. आईनं मध खाल्ला तर ते दुधातून जात नाहीत. धोका चाटवण्यात आहे. मावशी रुसल्या. आईनं पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि "डॉक्टरीणबाईंनी नको सांगितलंय" म्हणाली. ताकाच्या वेळी ज्या डॉक्टरीणबाई तिला खटकल्या होत्या त्यांच्याच नावावर.

मुलीचं उष्टावण झाल्यावर पुण्यात मी अर्धा पेला कोंबुचा प्यायले, थंड बाटलीतला, लेबल वाचून. चव तीच होती.

आता वहिनीला चौथा महिना लागला आहे. तिनं स्वतःहून बरणी रिकामी केली आणि स्कोबी चुलतभावाला देऊन टाकली. तिची जळजळ माझ्यापेक्षा लवकर सुरू झाली आहे. आई रात्री ज्वारीचं पीठ कालवते. परवा फोनवर वहिनीनं विचारलं की लिंबूपाण्यात मीठ किती चालेल, कारण तिचा रक्तदाब थोडा वर दिसतोय. मी तिला ९ तारखेला तपासणीत तेच विचारायला सांगितलं आहे, आणि जाताना गोळ्यांचं पाकीट आणि माता-बाल कार्ड दोन्ही बरोबर ने म्हटलं आहे.